राजदूत ३५०: पाना चालेल, ग्राइंडर नको

गोठ्याशेजारच्या खोलीतून नाहीतर वाड्याच्या सोप्यातून जुनी राजदूत ३५० मोटरसायकल बाहेर निघाली, की आठवड्याभरात प्रश्न येतोच: ओरिजिनल ठेवायची की मॉडिफाय करायची? साताऱ्यात, कराडात, सांगली-मिरजेत ज्यांच्याकडे ही गाडी आहे त्यांचे यावरून सरळ दोन तट पडतात. एकीकडे स्टिकरसुद्धा कंपनीचाच हवा म्हणणारे, दुसरीकडे टाकी, सीट, सायलेन्सर सगळं उतरवून कॅफे रेसर, म्हणजे आखूड, उघडी रेसिंग-थाटाची गाडी, करणारे. माझं म्हणणं असं, की रेघ पार्टागणिक वेगळ्या जागी पडते. जे काम पान्याने होतं आणि त्याच पान्याने एका संध्याकाळीत उलटवता येतं, ते खुशाल करावं. ज्याला ग्राइंडर, वेल्डिंग किंवा लेथ लागतो आणि कारखान्यातून आलेला धातू कायमचा जातो, ते करू नये. याला अपवाद थोडे आहेत, तेही पुढे येतील.

या गाडीत 'ओरिजिनल' हा शब्दच जरा समजून घ्यावा लागतो. यामाहाने १९७३ साली आणलेली आरडी ३५० ही ३९ हॉर्सपॉवरची होती आणि तिला पुढे डिस्क ब्रेक होता. एस्कॉर्ट्सने १९८३ पासून ती भारतात राजदूत नावाने बनवली, तेव्हा आपल्याकडच्या मायलेजच्या अपेक्षेपुढे पॉवर खाली आणली आणि डिस्क जाऊन ड्रम आला. आधीची हाय टॉर्क, म्हणजे एचटी, ३०.५ हॉर्सपॉवरची, नंतरची लो टॉर्क, म्हणजे एलटी, २७ ची. इंजिनाचा सांगाडा मात्र तोच: ३४७ सीसी, दोन सिलिंडर, ६४ मिमी बोअर, ५४ मिमी स्ट्रोक, रीड व्हॉल्व्ह (मिश्रण आत घेणारी पातळ पट्ट्यांची झडप), सहा गिअर. ऐंशीचं दशक संपता संपता उत्पादनही संपलं. त्यामुळे जी सिलिंडरं, जे चेसिस आज शिल्लक आहेत तेवढेच. त्यातलं एक कापलं की एक कमी झालं.

सगळ्यात जास्त नुकसान सिलिंडरचं होतं. 'एलटीची एचटी करून देतो', 'जपानची पॉवर काढून देतो' असं म्हणत एक्झॉस्ट पोर्ट, म्हणजे सिलिंडरच्या भिंतीतली जळका वायू बाहेर सोडणारी खिडकी, घासले जातात. हिशोब असा आहे: ५४ मिमी स्ट्रोकमध्ये पोर्टची वरची कड १ मिमी वर नेली, की पोर्ट उघडा राहण्याचा काळ क्रँकच्या साधारण ४ ते ५ अंशांनी वाढतो. पॉवर वरच्या आरपीएमला सरकते, खालचा पिकअप मरतो आणि प्रत्यक्ष मिळणारं कॉम्प्रेशनही घटतं. शहरात, ट्रॅफिकमध्ये गाडी सारखी गळपटते, मग मालक म्हणतो कार्बोरेटर बिघडला. जपानी गाडीचे ३९ घोडे एकट्या पोर्टमधून येत नव्हते; पोर्ट, सायलेन्सर आणि जेट (कार्बोरेटरमधलं पेट्रोल मोजून सोडणारं बारीक भोक) हे तिन्ही एकमेकांसाठी बसवलेले होते. त्यातलं एकच बदललं तर आवाज वाढतो, पळ वाढत नाही.

हाताने घासलेले दोन सिलिंडरचे पोर्ट सहसा सारखे येत नाहीत. अर्ध्या मिलिमीटरचा फरक पडला तरी एक सिलिंडर ओढतं, दुसरं मागे राहतं, आणि हे कुठल्याही ट्यूनिंगने जुळत नाही. पोर्ट जास्त रुंद केला तर रिंग त्या मोकळ्या जागेत फुगते आणि कडेला अडकून तुटते. कडा गोल न करता तशीच धारदार सोडली तरी तेच. ज्याला पोर्टिंग करायचंच आहे त्याने सिलिंडरची दुसरी, आधीच कुणीतरी छेडलेली जोडी शोधावी, तिच्यावर प्रयोग करावेत आणि गाडीसोबत आलेली जोडी तेल लावून ठेवून द्यावी. सिलिंडर चार-चार नटांवर बसलेलं असतं. बदलायला अर्धा दिवस पुरतो.

रिबोअर, म्हणजे झिजलेलं सिलिंडर आतून थोडं मोठं करणं, मात्र मॉडिफिकेशन नव्हे. लेथ लागला तरी हा कंपनीनेच आखून दिलेला रस्ता आहे. स्टँडर्ड ६४.०० मिमी, मग ६४.२५, ६४.५०, ६४.७५ आणि शेवटी ६५.००. जेवढ्याने ओरखडे साफ होतात तेवढंच वाढवायचं; 'पुढचा त्रास नको' म्हणून एकदम ०.७५ वर उडी मारणं म्हणजे सिलिंडरचं आयुष्य कापणं. कुपवाड किंवा सातारा एमआयडीसीत, नाहीतर कोल्हापूरच्या उद्यमनगरात बोअरिंगवाले मिळतात, पण पिस्टन आधी विकत घेऊन त्यांच्या हातात द्या. बोअर पिस्टनला जुळवायचा असतो, पुस्तकातल्या आकड्याला नाही. पिस्टन आणि बोअर यांत ०.०४ ते ०.०५ मिमी गाळा हवा. रिंग बोअरमध्ये टाकून पिस्टनच्या डोक्याने सरळ ढकलायची आणि फिलर गेजने टोकांमधला गॅप पाहायचा: ०.३ ते ०.५ मिमी. बोअर झाल्यावर पोर्टच्या कडा बारीक एमरीने मोडून घेतल्या का, ते बोट फिरवून स्वतः बघा. दोन्ही पिस्टन पिन आणि रिंगसकट सराफाच्या काट्यावर तोलून घ्या. बाजारात येणाऱ्या नकली जोड्यांमध्ये चार-पाच ग्रॅमचा फरक निघतो, आणि तो फरक ६,००० आरपीएमला फूटरेस्टमधून पायाला कळतो.

आता सायलेन्सर आणि जेट. इथे कट्टर ओरिजिनलवाल्यांशी माझं पटत नाही. एक्स्पान्शन चेंबर, म्हणजे पॉवरसाठीचा फुगीर पोटाचा सायलेन्सर, हा बोल्टचा मामला आहे, लावा आणि मूळ जोडी जपून ठेवा. पण चेंबर लावला, एअर फिल्टरचा डबा काढून सुटे फिल्टर बसवले, नुसता सायलेन्सरचा आतला बॅफल काढला, यातलं काहीही केलं तरी मिश्रण बदलतं, बहुतेक वेळा पातळ होतं, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडतं, आणि मेन जेट वाढवावाच लागतो. पातळ मिश्रणावर टू-स्ट्रोक इंजिन सुरुवातीला झकास पळतं. प्लग पांढरा पडतो, इंजिन हलकं वाटतं, आणि मग पुणे-बंगळूर हायवेवर एका लांब सरळ पट्ट्यात पिस्टन धरतो किंवा त्याला भोक पडतं.

आपल्या भागात यात उंचीची भर आहे. सांगली समुद्रसपाटीपासून साधारण ५५० मीटरवर, सातारा साडेसातशेच्या आसपास, महाबळेश्वर १,३५० च्या वर. दर १०० मीटरला हवा ढोबळमानाने एक टक्का विरळ होते. म्हणजे सांगली ते महाबळेश्वर आठेक टक्क्यांचा फरक. महाबळेश्वरला गाडी घोगरी चालते, धूर मारते, म्हणून तिथेच कुणी जेट लहान करून घेतला आणि तसाच कराडकडून सांगलीला उतरला, तर खाली आल्यावर तोच जेट धोकादायक पातळ असतो. डिसेंबर-जानेवारीच्या पहाटे थंड, घट्ट हवेत तर अजूनच. म्हणून जेटिंग नेहमी खाली करायचं आणि थंडीत तपासायचं. वर गेल्यावर गाडी थोडी जड चालली तर चालू द्या, त्याने काही मोडत नाही.

दुसरी भर ई-२० पेट्रोलची. १९८३ साली ठरवलेला जेट त्या वेळच्या पेट्रोलसाठी होता. शुद्ध पेट्रोलला वजनाने साधारण १४.७ पट हवा लागते, २० टक्के इथेनॉल असलेल्याला साडेतेराच्या आसपास. म्हणजे तोच ओरिजिनल जेट, तेच ओरिजिनल सायलेन्सर, काहीही न बदलता गाडी सहा-सात टक्के पातळ चालते आहे. मेन जेट एक पायरी, गरज पडली तर दोन पायऱ्या मोठा करणं हा बदल मी प्रत्येक गाडीत सुचवतो, शोकेसमध्ये ठेवायच्या गाडीतसुद्धा. मग मोकळ्या सरळ रस्त्यावर फुल थ्रॉटलला चालवून एकदम क्लच दाबायचा, इग्निशन बंद करायचं आणि प्लग काढून पोर्सेलिनच्या अगदी मुळाशी, आत खोल, काळपट तपकिरी कडं आहे का ते बॅटरी मारून बघायचं. टोकाचा रंग बघून निष्कर्ष काढू नका, या पेट्रोलवर टोक तसंही फिकट दिसतं. इथेनॉल जुनं रबरही फुगवतं: पेट्रोल कॉकचे वॉशर, फ्लोट बोलचं गॅस्केट, पाइप. हे सगळं इथेनॉलला टिकणाऱ्या रबराचं घ्या. गाडी दोन-तीन आठवड्यांपेक्षा जास्त उभी राहणार असेल तर कॉक बंद करून दोन्ही बोल रिकामे करा. पावसाळ्यात तर नक्कीच, कारण इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं आणि ते तळाशी बसून जेट खातं.

वेगळ्या टाकीतलं ऑइल इंजिनात सोडणारा ऑटोल्यूब पंप काढून पेट्रोलमध्येच ऑइल मिसळायची पद्धत फार पसरली आहे. हे पान्याचं काम आहे, उलटवताही येतं, तरीही मी ते करू नका असंच सांगेन. कारण आपले घाट. पसरणी, केळघर, आंबेनळी, यवतेश्वर, कुठलाही उतार घ्या. थ्रॉटल बंद, गिअरमध्ये गाडी, चाकं इंजिनाला चार-पाच हजार आरपीएमने फिरवत आहेत. पेट्रोलमध्ये ऑइल मिसळलेलं असेल तर ऑइल पेट्रोलबरोबरच येणार, आणि बंद थ्रॉटलला पेट्रोल जवळजवळ येतच नाही. म्हणजे इंजिन वेगात फिरतंय आणि आत तेल नाही. ऑटोल्यूबचा पंप क्रँकच्या गतीवर चालतो. थ्रॉटल बंद असला तरी कमीत कमी स्ट्रोकवर तो तेल देतच राहतो. ज्यांनी पंप काढून टाकला आहे त्यांनी उतारावर दर थोड्या वेळाने क्लच दाबून थ्रॉटल एकदा उघडलाच पाहिजे.

पंप दगा देतो असं लोक म्हणतात. पंप क्वचितच बिघडतो. बिघडतं त्याच्या आजूबाजूचं: ऑइल टाकीच्या झाकणाचं हवेचं भोक बुजलेलं असतं, पाइप कडक होऊन सांध्यात हवा ओढतो, किंवा केबल सरकलेली असते. थ्रॉटलची केबल पुढे तीन ठिकाणी फुटते: दोन कार्बोरेटर आणि तिसरी पंप. कार्बोरेटर बदलला, वेगळी केबल लावली, की पंपाचं गणित चुकतं आणि ते कुणाच्या लक्षात येत नाही. दुरुस्तीचा क्रम असा: ऑइल टाकी उतरवून धुवा, पाइप नवीन घाला, पंपावरचा ब्लीड स्क्रू काढून बुडबुडे थांबेपर्यंत तेल वाहू द्या. पंपाचा किमान स्ट्रोक फिलर गेजने मोजा, ०.२० ते ०.२५ मिमी हवा, कमी-जास्त असेल तर शिम (पातळ चकती) बदलून आणा. मग दोन्ही कार्बोरेटरचे स्लाइड एकाच क्षणी उचलतात का ते बोटाने पाहा आणि त्यानंतरच पंपाच्या खुणा जुळवा, आधी नाही. पहिल्या टाकीला लिटरमागे २० मिली ऑइल पेट्रोलमध्येही टाका. धूर होईल, होऊ द्या. ऑइल टाकीची पातळी खाली जाताना दिसली की पंप चालू आहे याची खात्री पटली.

वर्षानुवर्षं उभ्या असलेल्या गाडीत पोर्ट, सायलेन्सर वगैरे बोलण्याच्याही आधी एक तपासणी करायलाच हवी, ती क्रँकच्या ऑइल सीलची. सील वाळून कडक होतात. डावीकडचं, जनरेटरच्या बाजूचं सील गेलं तर इंजिन तिथून हवा ओढतं, मिश्रण पातळ होतं आणि त्या बाजूचा पिस्टन जळतो. उजवीकडचं, क्लचच्या बाजूचं गेलं तर गिअरचं ऑइल आत ओढलं जातं, एकाच सायलेन्सरमधून दाट पांढरा धूर येतो आणि गिअरबॉक्सची पातळी आपोआप घटत जाते. तपासायला महागडं यंत्र लागत नाही. रक्तदाब मोजायच्या यंत्राचा फुगा आणि घड्याळ पुरेसं आहे. ते ३०० पर्यंत दाखवतं, आणि ३०० मिमी पारा म्हणजे ०.४ बार, नेमका या चाचणीला लागतो तेवढाच दाब. दोन्ही एक्झॉस्ट आणि दोन्ही इनटेक रबरी बुचांनी घट्ट बंद करायचे. दोन्ही सिलिंडरचे एकदम बंद करायचे हे महत्त्वाचं, कारण दोन सिलिंडरच्या मधलं क्रँकवरचं लॅबिरिंथ सील पूर्ण हवाबंद नसतं. एका प्लगच्या भोकात नळी बसवायची, दुसऱ्यात प्लग, आणि २८० ते ३०० पर्यंत हवा भरायची. मिनिटाभरात काटा ५० हून जास्त खाली आला तर गळती आहे. साबणाचं पाणी सिलिंडरच्या बुडाशी, रीडच्या गॅस्केटला, जनरेटरचं कव्हर काढून सीलला लावा. बुडबुडे जागा दाखवतात. गिअर ऑइल भरायच्या तोंडाशी कान लावल्यावर सूसू ऐकू आलं तर उजवं सील गेलं. सील बदलायला इंजिन उघडावं लागतं, क्रँककेस आडवी फाकते. एवढं उघडलंच आहे तर क्रँकच्या बेअरिंगही बदलून घ्या. याला पर्याय नाही, आणि सील घालताना कुणी ओरिजिनल-मॉडिफायचा वाद घालू नये.

पुढच्या ड्रम ब्रेकला सगळे शिव्या देतात आणि डिस्क लावायला धावतात. आधी तो ड्रम नीट लावून बघा. तो दोन लीडिंग शूचा आहे, म्हणजे चाकाच्या फिरण्यानेच दोन्ही शू ड्रमवर अधिक घट्ट दाबले जातात: दोन कॅम, बाहेरून एका जोडदांड्याने बांधलेले. दांड्याची लांबी चुकली की एकच शू काम करतो, आणि जुन्या गाड्यांत ती हमखास चुकलेली असते. चाक उचला, दांड्यावरचा लॉकनट ढिला करा, दांड्याची लांबी बदलून दुसरा शू मोकळा करा. आता लिव्हर हळूहळू दाबत चाक हाताने फिरवा, पहिला शू नुसता घासायला लागला की लिव्हर दोरीने तिथेच बांधा. मग दांडा फिरवत जा, दुसरा शूही घासायला लागेपर्यंत. तिथे लॉकनट कसा. नवीन लायनर पहिल्यांदा टोकांनाच लागतो. ड्रममध्ये खडू फिरवून, शू घालून, खडू लागलेली जागा पॉलिशपेपरने थोडी थोडी उतरवत पूर्ण पृष्ठभाग टेकवून घ्या. एवढं केल्यावर ब्रेक पुष्कळ सुधारतो. तरीही रोज घाट उतरायचा असेल तर डिस्कला माझी ना नाही. या गाडीच्या जपानी बहिणीला डिस्कच होती. फक्त पुढचा पूर्ण संच, फोर्क, चाक, कॅलिपर, मास्टर सिलिंडर, एकत्र बदला. मूळ फोर्कच्या पायावर कॅलिपरसाठी पट्टी वेल्ड करू नका. तो पाय ॲल्युमिनियमचा आहे, वेल्डच्या उष्णतेने कमकुवत होतो आणि जोरात ब्रेक मारताना तिथेच तडकतो.

इग्निशनबद्दल थोडक्यात. प्रत्येक सिलिंडरला वेगळा पॉइंट (ठिणगीची वेळ ठरवणारा स्विच), गॅप ०.३ ते ०.४ मिमी, आणि टायमिंग प्लगच्या भोकात डायल गेज घालून दोन्हीकडे स्वतंत्र लावायचं. पॉइंटची टाच झिजली की गॅप मिटत जातो आणि टायमिंग मागे पडतं. इलेक्ट्रॉनिक इग्निशनची प्लेट त्याच स्क्रूवर बसते आणि ही कटकट संपते. लावा, जुनी प्लेट कंडेन्सरसकट ठेवून द्या.

चेसिसचा मागचा भाग कापून सीट आखूड करण्याची फॅशन आहे. ते करू नका, आणि कारण नुसतं भावनेचं नाही. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ कंपनीच्या मूळ नोंदीपेक्षा वेगळं रूप देऊ देत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये तेच अधोरेखित केलं. या गाड्यांचं पासिंग पाच-पाच वर्षांनी पुन्हा करावं लागतं, दरवेळी इन्स्पेक्टरपुढे उभी करायची असते. पीयूसीतही मार्च २००० पर्यंतच्या दुचाकींना कार्बन मोनॉक्साइड ४.५ टक्के आणि हायड्रोकार्बन ९,००० पीपीएम ही मर्यादा आहे. अंदाजाने मोठा केलेला जेट तिथे अडकतो. शिवाय जुलै २०२१ च्या व्हिंटेज नियमांत पहिल्या नोंदणीला पन्नास वर्षं झालेल्या, चेसिस-बॉडी-इंजिनात मोठा बदल न केलेल्या दुचाकींना वेगळी 'व्हीए' मालिका मिळते. पहिल्या राजदूत ३५० ची पन्नाशी २०३३ मध्ये भरते. आज ज्याने चेसिस कापलं त्याच्यासाठी ते दार आजच बंद झालं. ज्याला आखूड सीट हवीच आहे त्याने मूळ छिद्रांवर बसणारी वेगळी सबफ्रेम करून घ्यावी, फॅब्रिकेटरला दोन दिवसांचं काम आहे.

इंजिनाच्या कव्हरचे स्क्रू हा लहान विषय, पण नुकसान रोज होतं. ते जपानी मापाच्या खाचेचे आहेत. साधा फिलिप्स स्क्रूड्रायव्हर त्यात पूर्ण बसत नाही, घसरतो आणि खाच मोडते. मग छिन्नी येते, आणि छिन्नीनंतर कव्हर तुटतं. जेआयएस, म्हणजे त्याच जपानी मापाचं, टोक असलेला इम्पॅक्ट ड्रायव्हर घ्या, एका ठोक्यात सुटतात.

सांगलीतली गाडी विकत घेताना पुराचा विचार सोडू नका. २००५, २०१९, २०२१, तीन मोठे पूर. हेडलाइटचा गोळा उघडून तळाशी बारीक, राखाडी गाळाचा थर आहे का बघा, मागचा ड्रम उघडा, सीटच्या फोमखाली हात घाला. बाहेरून पॉलिश केलेली गाडी इथेच खरं सांगते. आणि स्वतःची गाडी पाण्यात गेली तर किक मारू नका. गाळ रिंग आणि बोअरच्या मधे ओढला जातो. बॅटरी, कार्बोरेटर, दोन्ही प्लग, सायलेन्सर काढा, गिअर ऑइल सोडा, क्रँकमध्ये डिझेल ओतून चाकाने हळू फिरवून काढा, दोन-तीनदा. मग प्लगच्या भोकातून प्रत्येकी ५० मिली टू-स्ट्रोक ऑइल. क्रँकच्या बेअरिंग तरीही बदलाव्या लागतील, पण सिलिंडर वाचतं.

गाडीवरून काढलेला प्रत्येक मूळ पार्ट एका खोक्यात, चिठ्ठी बांधून: काय, कुठल्या बाजूचं, कधी काढलं, बोअरचं माप काय. सिलिंडरच्या आत तेलाचा हात फिरवून प्लास्टिकमध्ये गुंडाळा. वर्तमानपत्रात नको, ते ओल धरतं. आणि खोका तळमजल्यावर ठेवू नका, माळ्यावर चढवा. पाणी आलं की गाडी ढकलून वर नेता येते, खोका विसरला जातो.